केसालाही धक्का न लावता

संक्रांतीला काळं नेसायची प्रथा ज्याने कुणी पाडली, त्याच्या घरी पिवळा लॅब्रडॉर नव्हता. असता, तर तिळगूळ राहिला असता, सुगडं राहिली असती, हलव्याचे दागिनेही राहिले असते. चंद्रकळा मात्र बदामी रंगाची झाली असती. आमच्या घरी ती झालेलीच आहे. आमची ही काळीभोर साडी कपाटातून काढते, नेसते, देवाला हात जोडते आणि माजघरातून ओटीवर येते. एवढ्या प्रवासात साडीवर बारीक सोनेरी रेघांची नक्षी उठते. हळदीकुंकवाला आलेल्या एका पाहुणीने पदर हातात घेऊन विचारलं, "हे भरतकाम कुठलं हो? येवल्याचं का?" हिने शांतपणे सांगितलं, "घरचंच आहे."

हे भरतकाम करणाऱ्याचं नाव सिंबा. वजन ३५ किलो, स्वभाव गरीब, मुक्काम पोस्ट हर्णे, तालुका दापोली. पूर्वी कोकणात मुंबईहून मनीऑर्डर यायची, आता पुण्याहून कुत्री येतात. मुलाने २०२० च्या सुरुवातीला पुण्यात पिल्लू घेतलं, मार्चमध्ये टाळेबंदी लागायच्या तोंडावर ते गाडीत घालून तो घरी आला. पुढे मुलाचं ऑफिस उघडलं आणि तो गेला. पिल्लाचं ऑफिस इथेच होतं.

येताना मुलाने फोनवर आईची समजूत घातली होती, "आखूड केसांचा आहे, काही त्रास नाही." हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती आयांनी ऐकलं असेल कोण जाणे. लांब केसांचा कुत्रा केस गाळतो तेव्हा त्याचा गुंता होतो, कोपऱ्यात पुंजका जमतो, तो चिमटीत धरून उचलता येतो. आखूड केस ताठ असतो आणि त्याला टोक असतं. तो कापडावर पडत नाही, कापडात शिरतो. बनियनमधून आरपार जाऊन पाठीला टोचतो. उशीत राहतो, पायमोज्यात राहतो, चष्म्याच्या बिजागरीत राहतो. शिवाय आपल्या डोक्यावरचा केस वर्षानुवर्षं वाढत बसतो, याच्या केसाला ठरावीक लांबी नेमून दिलेली आहे. ती गाठली की त्याची वाढ थांबते, थोडा काळ तो जागेवर नुसता बसून राहतो आणि खालून नवा आला की निघून जातो. लांबी कमी म्हणजे मुदतही कमी. निवृत्तीची इतकी शिस्त माणसांत नाही. मी शाळेतून निवृत्त होऊनही रोज सकाळी तिकडे एक चक्कर मारतोच.

त्यातून लॅब्रडॉरच्या अंगावर केसांचे दोन थर. वरचा राठ आणि तेलकट, आतला मऊ आणि दाट. हा दुपदरी कोट त्याच्या अंगावर का आला हे शोधायला गेलो, तेव्हा प्रकरण थेट कोळीवाड्यात निघालं. फक्त कोळीवाडा कॅनडातला. न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांकडे सेंट जॉन्स नावाच्या बंदराजवळ पाणकुत्र्यांची एक जात होती. हे कुत्रे बर्फासारख्या पाण्यात उड्या मारून जाळ्यांचे दोर ओढत, गळातून निसटलेला मासा पकडून आणत. लांब केसांच्या कुत्र्याच्या अंगावर बर्फाच्या गाठी धरायच्या, म्हणून कोळ्यांची पसंती आखूड केसांना. खारवलेला कॉड मासा घेऊन जाणाऱ्या गलबतांतून ही कुत्री इंग्लंडच्या पूल बंदरात उतरली आणि माम्सबरीच्या अर्लला आवडली. त्याच्या वारसाने १८८७ मध्ये एका पत्रात लिहून ठेवलंय की आम्ही यांना लॅब्रडॉर म्हणतो. १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने जातीला मान्यता दिली. नोंद झालेला पहिला पिवळा लॅब्रडॉर बेन ऑफ हाइड, जन्म १८९९. पुढे अमेरिकेत हीच जात १९९१ पासून सलग ३१ वर्षं लोकप्रियतेत पहिली राहिली. म्हणजे ३१ वर्षं तिकडच्या लोकांनी सोफे झाडले आणि पुन्हा तोच कुत्रा आणला. आमची ही म्हणते, याला लोकप्रियता म्हणत नाहीत, सवय म्हणतात.

तर मूळ धंदा मासेमारी. आणि आणून सोडला कुठे, तर हर्ण्याला! सुवर्णदुर्ग समोर ठेवून भरणारा आमचा मासळीचा लिलाव साऱ्या महाराष्ट्रातून माणसं बघायला येतात. होड्या उभ्या राहतात, बैलगाड्या पोटापर्यंतच्या पाण्यात जातात, टोपल्या भरून परत येतात आणि वाळूवर ढिगाऱ्यांभोवती बोली सुरू होते. एका संध्याकाळी फिरायला नेलेल्या सिंबाचं हे सगळं पाहून रक्त उसळलं. एका गाडीतून एक बरी मोठी सुरमई घसरून पाण्यात पडली. पणजोबांच्या पणजोबांनी सेंट जॉन्सला जे केलं तेच त्याने केलं. उडी मारली, सुरमई अलगद तोंडात धरली, दात लागू न देता किनाऱ्यावर आणली आणि मालकाच्या पायाशी ठेवली. मालक म्हणजे मी. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात दबकत येतो. अख्ख्या बंदरावर हशा पिकला. "गुरुजी, आता कुत्रा धंद्याला लावलात होय!" एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण सिंबाने मग अंग झाडलं. ढिगाऱ्यातल्या पापलेटांवर पिवळे केस भुरभुरले. ढिगाऱ्याची मालकीण एक पापलेट वर धरून ओरडली, "ह्याला मिशा फुटल्या!" बोली पाचेक मिनिटं थांबली होती. हर्ण्यात ती वादळाशिवाय थांबत नाही.

आता एक भूगोल. मी भूगोलच शिकवायचो, त्यामुळे वाचकांनी सोसून घ्यावा. जनावराच्या अंगावरचे केस कधी धरायचे आणि कधी सोडायचे हे मुख्यतः दिवसाच्या लांबीवर ठरतं, थोडं हवेवर. सेंट जॉन्सला डिसेंबरात दिवस साडेआठ तासांचा असतो, जूनमध्ये १६ तासांचा. इतक्या फरकाने कुत्र्याच्या कातडीला स्पष्ट समजतं की थंडी आली, कोट घाला; थंडी सरली, कोट काढा. हर्णे अठराव्या अक्षांशाच्या जरा खाली. आमचा सर्वांत छोटा दिवस सुमारे ११ तासांचा, सर्वांत मोठा सुमारे १३ तासांचा. एवढ्याशा फरकावरून कातडीने काय समजायचं? शिवाय रात्री साडेदहापर्यंत आमच्याकडे मालिका आणि ट्यूबलाइट. त्यामुळे सिंबाची कातडी कुठलाच निर्णय पक्का करत नाही. वर्षभर थोडे थोडे केस सोडत राहते आणि फेब्रुवारी उलटला की एकदाचं ठरवून टाकते, की बर्फ वितळला. मग मे अखेरपर्यंत जे होतं त्याला गळती म्हणणं म्हणजे जगबुडीला ओल म्हणणं.

आणि नेमका हाच आंबापोळीचा मोसम.

ज्यांनी आंबापोळी फक्त दुकानातल्या प्लॅस्टिकमध्ये पाहिली आहे त्यांना यातली भीषणता कळायची नाही. आंब्याचा रस काढून, गाळून, तूप लावलेल्या ताटांत पातळ पसरायचा. तो अंगणात कडक उन्हात ठेवायचा. एक थर सुकला की त्यावर दुसरा, मग तिसरा. हे दिवसचे दिवस चालतं, आणि त्या सगळ्या काळात ताटातला रस जगातल्या कुठल्याही वस्तूला चिकटायला एका पायावर तयार असतो. दुपारी बारानंतर समुद्रावरून वारा सुटतो. सिंबा मागच्या दारी असला तर वारा वळसा घालून तिकडे जातो, केस उचलतो आणि पुढच्या दारी आणतो. हिने ताटांवर जुन्या धोतराचं फडकं घातलं. केस फडक्यातून उभे आत गेले. ताटं पडवीच्या पत्र्यावर चढवली, तर केस वरही पोचले. वर फक्त वानरं आणखी होती. शेवटी सिंबाला दुपारी आतल्या खोलीत कोंडलं. त्याने दाराच्या फटीला नाक लावून असे काही उसासे सोडले की त्या फटीतूनच केस बाहेर यायला लागले.

थरांवर थर चढत गेले की पुरावा आत गाडला जातो. पोळी उन्हासमोर धरली की कुठल्या थरात किती केस आहेत यावरून कुठल्या दिवशी वारा पडला होता हे सांगता येतं. अशी एक पोळी न्यू जर्सीला माझ्या चुलतबहिणीकडे गेली. तिने फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, 'वहिनी, यंदा केशर घातलंत का? काड्या दिसताहेत.' हिने क्षणभर विचार केला आणि उत्तर टाकलं, 'हो, थोडंसं. तिकडे मिळतं तसं नाही, इकडचं आहे.'

गाव म्हटलं की सल्ला आलाच. शेजारच्या काकूंनी घरी उकळलेलं माक्याचं तेल बाटली भरून आणून दिलं. केस गळतीवर रामबाण. माझं टक्कल त्या लग्न होऊन आल्यापासून बघताहेत, पण ती बाटली त्यांना तेव्हा सुचली नाही. तेल लावल्यावर सिंबा आधी वाळूत लोळला, मग ओटीवरच्या भिंतीला पाठ घासत चालत गेला. चिऱ्याच्या भिंतीवर त्याच्या उंचीला जो पट्टा उमटला आहे तो पाहुणे आता जुनं नक्षीकाम म्हणून फोटोत घेतात. बाजारातल्या न्हाव्याने सरळ हजामतीचा प्रस्ताव मांडला. "मशीन मारतो गुरुजी, एक नंबरचं. पैसे माणसाचेच घेईन." उन्हाळ्यात बिचाऱ्याला गार वाटेल, असं सगळ्यांचंच मत पडलं. जनावरांच्या डॉक्टरांनी मात्र हात जोडले. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, बाकी उष्णता तो जीभ बाहेर काढून घालवतो. त्यामुळे अंग भादरून त्याला गारवा मिळत नाही. उलट तो दुपदरी कोट उन्हाची धगही अडवतो. तो काढला की कातडी भाजते आणि पुन्हा येणारे केस धड पूर्वीसारखे येतील याची खात्री नसते.

माझा मेहुणा जमखंडीकडचा. त्याचं एकच पालुपद, मुधोळ घ्यायचा होतात. मुधोळ हाउंड म्हणजे घोरपड्यांच्या संस्थानातला कुत्रा, २००५ मध्ये टपाल खात्याने त्याचं तिकीटही काढलं. अंगावर एकच पातळ थर, आत मऊ लव नाही, केस पडले तरी मोजावे इतके. सगळं खरं आहे. मी त्याला विचारलं की मुधोळ पाण्यात उडी मारून सुरमई आणतो का. तो म्हणाला, "मुधोळ ससा आणतो." माझ्या आईने आतून ऐकलं आणि म्हणाली, "मग केस परवडले."

यंत्रांचाही प्रयोग झाला. केस ओढणारं मशीन आणलं. आलं त्या दिवशी सिंबा त्याच्याशी भुंकून भुंकून भांडला, दुसऱ्या दिवशी लाइट गेली. कोकणात लाइट जाण्याबद्दल तक्रार करायची नसते, ती आहे तेवढा वेळ आभार मानायचे असतात. चिकट कागदाची गुंडाळी येते, ती सोफ्यावर फिरवायची. पहिल्या फेरीत कागद भरतो. सोफा तसाच. समोरच्या सुवर्णदुर्गाला कमोडोर जेम्सने १७५५ च्या एप्रिलात तोफांनी भाजून काढलं आणि काही दिवसांत किल्ला पडला; आमच्या सोफ्याने त्याला पावसाळ्यापर्यंत झुंजवलं असतं. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ या किनाऱ्यावरून गेलं, तेव्हा आमची अर्धी कौलं उडाली, पोफळी आडव्या झाल्या, पत्र्यांचा पत्ता लागला नाही. सिंबा तेव्हा पाच महिन्यांचा, पिल्लूपणाचे केस टाकून मोठेपणाचे घ्यायच्या वयात. वादळ शमल्यावर ओल्या सोफ्याकडे पाहून ही म्हणाली, "अहो, घर गेलं, केस आहेत तिथेच आहेत."

डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र अशी सांगितली की घरात दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही. "केस गळणं थांबणार नाही, तो आजार नाहीच. पण कातडी कोरडी पडली आहे. अन्नात ओमेगा-तीन वाढवा. बांगडा द्या, तारली द्या. उकडून, मीठ न घालता, काटे काढून." हर्ण्यात राहणाऱ्या माणसाला डॉक्टरने बांगडा सांगावा यात नवल काही नाही. नवल आमच्या आईच्या चेहऱ्यावर होतं. ती नव्वदीला टेकली आहे, आणि या घरात आजवर मासा आला तो फक्त मत्स्यावताराच्या चित्रात. शेवटी तह झाला. मागच्या दारी, विहिरीच्या पलीकडे, वेगळी चूल. वेगळं पातेलं. वेगळा मी. म्हणजे शिजवणाऱ्याने आंघोळ करूनच घरात यायचं.

बांगडे आणायला बंदरावर गेलो, तेव्हा तिथल्या बायकांच्या डोळ्यांतला आनंद मला जन्मात विसरता येणार नाही. "गुरुजी, लाजू नका, आम्ही कुणाला सांगत न्हाय." मी कुत्र्यासाठी आहे असं सांगितलं. "होय होय, सगळे तसंच सांगतात." मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. त्यातल्या एकीने ती उलटीसुलटी केली आणि शेजारणीला म्हणाली, "बघ गं, आता चिठ्ठीवर मिळतात." संध्याकाळपर्यंत गावात बातमी होती की गुरुजींना डॉक्टरांनी मासे सांगितलेत, रक्त कमी झालंय. दोघे भेटायला आले. एकाने नारळपाणी आणलं.

सिंबाने बांगड्याचं काय केलं हे विचारायलाच नको. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की सुमारे चारातल्या एका लॅब्रडॉरच्या एका जनुकाचा तुकडा गहाळ असतो आणि त्यामुळे पोट भरल्याचा निरोप त्याच्या मेंदूला नीट पोचत नाही. सिंबा त्या चारातला एक नसून चारही आहे असा माझा अंदाज आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, तेव्हा ताजा मासा मिळणं कठीण. सुका चालत नाही, त्यात मीठ. मग माशाच्या तेलाच्या गोळ्या आणायच्या. त्या आई स्वतःच्या हाताने गुळात घालून त्याला देते. गोळीत काय आहे ते आम्ही तिला सांगितलेलं नाही, तिने विचारलेलं नाही.

खरा उपाय मिळाला तो बैलगाडीवाल्याकडून. संध्याकाळी गाड्या सुटल्या की तो बैलांना गोड्या पाण्याने धुतो आणि खरारा करतो. सिंबाकडे त्याने एकदा नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "पडलेला केस काय गोळा करता? पडायच्या आधी घ्या." सगळं शास्त्र या वाक्यात आलं. जो केस मुळापासून सुटला आहे तो आज ना उद्या पडणारच. प्रश्न एवढाच की तो खराऱ्यात पडणार की आमटीत. लोखंडी खरारा बैलाच्या कातडीला ठीक, कुत्र्याला नको. त्याच्यासाठी रबरी दातांचा हातमोजा मिळतो. काम अंगणात करायचं, वारा घराकडून समुद्राकडे असताना, म्हणजे सकाळी. मतलई वारा, ही गोष्ट शाळेत मी तोंडी परीक्षेला विचारायचो. ती घराच्या उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. आधी उलट्या दिशेने हलक्या हाताने चोळायचं म्हणजे आतली मऊ लव वर येते, मग केसाच्या दिशेने घ्यायचं. मांड्यांच्या मागे आणि शेपटीच्या बुडाशी सर्वांत मोठा साठा असतो. वारंवार साबणाने धुवायचं नाही, अंगचं तेल जातं आणि कोंडा वाढतो. ज्यांना कुत्र्याची ॲलर्जी असते त्यांना ती बहुधा केसाची नसते, त्या कोंड्यातल्या आणि लाळेतल्या प्रथिनांची असते. समुद्रात डुंबला की मात्र विहिरीच्या पाण्याने मीठ काढायलाच हवं. आणि जुलैत, जेव्हा हर्ण्यात माणसाचा टॉवेल चार दिवस वाळत नाही, तेव्हा याची आतली लव कशी वाळणार? ओली राहिली तर कातडीला बुरशी धरते. मग माजघरात टेबलपंखा लावून त्याच्यासमोर सिंबा आणि त्याच्यामागे वाळत घातलेले आमचे कपडे. कपडे वाळतात. त्यांना बाह्यांवर लव येते.

एका सकाळच्या खराऱ्यात जेवढे केस निघतात त्यांचं आणखी एक पिल्लू तयार होईल. त्यांचं करायचं काय हा पुढचा प्रश्न. केसात नत्र भरपूर असतं, सावकाश कुजतो पण खत होतं. म्हणून मी नारळाच्या आळ्यात पुरायला लागलो. शेजारी म्हणाले, "नारळाला केस फुटतील." मी म्हटलं, शेंडी आधीपासून आहे. रानडुकरं येऊ नयेत म्हणून शेतकरी न्हाव्याकडचे केस बांधावर पसरतात, ते ऐकून मी वालाच्या वेलीभोवती सिंबाचे पसरून पाहिले. डुक्कर आलं नाही. वानरं आली. त्यांनी केस नीट बाजूला सारले, शेंगा खाल्ल्या आणि एक वानर बराच वेळ त्या केसांत उवा शोधत बसलं होतं.

बुलबुलाने मात्र जास्वंदीवर ठेवलेला पुंजका घरट्यासाठी नेला, तेव्हा आम्हाला फार बरं वाटलं. ते फार टिकलं नाही. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२५ मध्ये सांगितलं की केसांनी मढवलेल्या घरट्यांत त्यांना पाळीव जनावरांना लावायच्या पिसवांच्या औषधांचे अंश सापडले, आणि जिथे ते जास्त तिथे मेलेली पिल्लं आणि न उबलेली अंडीही जास्त. आमच्याकडे गोचिडांमुळे मानेवर औषध सोडल्याशिवाय गत्यंतर नाही. तेव्हा औषधाच्या दिवसांतले केस आता जास्वंदीवर जात नाहीत, कचऱ्यात जातात. बुलबुल येऊन बसतं, ओरडतं, निघून जातं.

सोवळ्याचा प्रश्न येईल असं सगळ्यांना वाटलं होतं. आईने तो वेगळ्याच बाजूने सोडवला. देवघरात दत्ताची तसबीर आहे. तिच्यापुढे बसून ती एक दिवस म्हणाली, "चार कुत्री आहेत पायाशी, चारही आखूड केसांची. आणि महाराजांच्या वस्त्रावर एक केस नाही. रविवर्म्यासारख्यांना घरकामातलं काय कळणार?" तेव्हापासून नैवेद्याच्या ताटात केस दिसला तर ती तो काढून ठेवते आणि म्हणते, त्यांना सवय असेल. गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा मात्र उकडीच्या मोदकांच्या वेळी सिंबाला अंगणात बांधून, दारं लावून, पंखा बंद करून, पाचजणी घामाघूम होऊन पाऱ्या करतात. तरी एकवीसपैकी एखादा मोदक संशयास्पद निघतोच. तो सिंबाला जातो. हे त्याला ठाऊक आहे असा मला दाट संशय आहे.

आमच्या मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. समुद्र, किल्ला, कड्यावरचा गणपती आणि घरगुती जेवण एवढ्या भांडवलावर बरी चालतात. पुण्याची माणसं आरक्षण करण्याआधी विचारतात, "तुमचा डॉग शेड करतो का?" ही उत्तर देते, "करतो ना. सकाळ-संध्याकाळ." त्यांना वाटतं, फिरायला जातो. येतात, त्याच्या गळ्यात पडतात, फोटो काढतात आणि जाताना काळ्या जीन्सवरून केस पुण्याला नेतात. हर्ण्याहून निर्यात होणाऱ्या मालात सुक्या मासळीनंतर आता याचाच नंबर असावा.

असल्याच एका पाहुण्याने जेवताना माहिती दिली की अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅलिश लोक पूर्वी लोकरीसाठी कुत्री पाळत, मेंढीसारखी भादरत आणि त्या लोकरीची ब्लँकेटं विणत. त्यातल्या एका कुत्र्याचं कातडं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलं आहे. तो १८५९ मध्ये गेला. नाव मटन. आई वाढत होती, म्हणून आम्ही विषय बदलला. पण हिच्या डोक्यात कल्पना शिरली. लॅब्रडॉरचा केस इतका आखूड आणि गुळगुळीत की त्याला पीळ बसत नाही, सूत निघत नाही, हे तिला पटायला दोन टकळ्या मोडाव्या लागल्या.

त्याच आठवड्यात अभिप्रायाच्या वहीत एका कुटुंबाने लिहिलं होतं: 'जेवण अप्रतिम. काका-काकू प्रेमळ. खोलीतली लोकरीची ब्लँकेटं विशेष आवडली, कुठून घेतलीत ते कळवावे.'

आमच्याकडे लोकरीचं ब्लँकेट एकही नाही. सोलापुरी चादरी आहेत, शंभर टक्के सुती.